तोडा आणि ब्रेक : ब्रिटनमधील दक्षिण आशियाई नृत्य आणि रस्त्यावरचे नृत्य यांच्या भेटीचा इतिहास

विसाव्या शतकाच्या अखेरीस आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमधील लंडन, बर्मिंगहॅम, लेस्टर यांसारख्या शहरांत अशी एक नृत्यपरंपरा आकाराला आली, की जिच्यात भरतनाट्यम आणि कथक यांची पदन्यासाची शिस्त आणि ब्रेकिंग, पॉपिंग, लॉकिंग या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या रस्त्यावरच्या नृत्याची देहबोली एकाच नर्तकाच्या शरीरात नांदू लागली. या परंपरेचे कर्ते बहुतांशी स्थलांतरितांच्या दुसऱ्या पिढीतले होते आणि आपण नेमके कुठले, हा त्यांना सतत विचारला जाणारा प्रश्न त्यांच्या नृत्यरचनांच्या मुळाशी होता. या घडामोडीकडे पाहताना एक बाजू शुद्ध आणि प्राचीन, दुसरी बाजू उथळ आणि नवी, आणि त्यांचा संयोग म्हणजे धाडस किंवा भ्रष्टीकरण, अशी सोपी मांडणी पुष्कळदा केली जाते. दोन्ही बाजूंचा इतिहास तपासला असता ही मांडणी टिकत नाही. कारण दोन्ही परंपरा मुळातच अनेक प्रवाहांच्या मिश्रणातून घडलेल्या आहेत, आणि दोहोंवर अशा समाजांचे ऋण आहे, की ज्यांना त्या परंपरांच्या प्रतिष्ठेत फारच अपुरा वाटा मिळाला.

प्रथम ‘शास्त्रीय’ या शब्दाचा विचार करणे आवश्यक आहे. आज भरतनाट्यम या नावाने ओळखली जाणारी नृत्यपद्धती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत ‘सदिर’ या नावाने ओळखली जात होती. ती मंदिरांशी आणि दरबारांशी बांधलेल्या वंशपरंपरागत नर्तकींची, म्हणजे देवदासींची, आणि त्यांना शिकवणाऱ्या नट्टुवनारांची विद्या होती. नट्टुवनार म्हणजे झांजांच्या ठेक्यावर बोल उच्चारून नृत्याचे संचालन करणारा गुरू. या विद्येला आजची घडण जिथे मिळाली, ते तंजावर मराठी भाषकांच्या इतिहासाचाही भाग आहे. भोसले घराण्यातील दुसऱ्या सरफोजी राजांच्या कारकिर्दीत (१७९८ ते १८३२) चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार बंधू, जे ‘तंजावर चतुष्टय’ म्हणून प्रसिद्ध आहेत, दरबारात होते आणि अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंतच्या ज्या क्रमाने आजचा भरतनाट्यमचा कार्यक्रम रंगतो, त्या क्रमाची, म्हणजे ‘मार्गम’ची, बांधणी करण्याचे श्रेय परंपरेने त्यांना दिले जाते.

हा दरबार भाषांचा आणि कलांचा संगम होता. तिथे तेलुगू पदे गायिली जात, तमिळ नट्टुवनार नृत्य बसवत, राजे मराठीत नाट्यप्रबंध रचत आणि राजवाड्यात पाश्चात्त्य वाद्यांचा बँडही वाजत असे. सरफोजींच्या नावावर असलेली ‘देवेंद्र कुरवंजी’ ही रचना या मिश्रणाचे बोलके उदाहरण आहे: कुरवंजी हा भविष्य सांगणाऱ्या डोंगरी स्त्रीभोवती गुंफलेला तमिळ नृत्यनाट्याचा प्रकार, त्याची भाषा मात्र मराठी, आणि तिच्यातला विषय जगाचा भूगोल. नृत्यासाठी बांधलेल्या मराठी ‘कोर्व्यां’चा, म्हणजे ताल आणि साहित्य यांची सांगड घालणाऱ्या रचनांचा, संग्रहही तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने जतन केला आहे. चतुष्टयातील वडिवेलू यांनी व्हायोलिन हे युरोपीय वाद्य आत्मसात करून दक्षिणेच्या संगीतात रुजवण्यास हातभार लावला. तेव्हा जी पद्धती पुढे शुद्धतेचे प्रतीक मानली गेली, ती घडतानाच तमिळ, तेलुगू, मराठी आणि युरोपीय घटकांना सहज सामावून घेत होती.

ही विद्या प्रवासीही होती. १८८० साली तंजावरच्या मोहिते घराण्यातील कन्या बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांशी विवाह करून चिमणाबाई झाली, तेव्हा तिच्याबरोबर तंजावरचा नर्तकींचा ताफाही बडोद्यास गेला आणि त्यांच्या वंशजांनी पुढे ‘तंजोरकर’ या नावाने तिथे हे नृत्य शिकवले. त्याच्याही आधी, १८३८ साली, पाँडिचेरीच्या परिसरातील तिरुवेंदिपुरम येथील देवदासींचा एक छोटा संच एका फ्रेंच व्यावसायिकाने पॅरिस आणि लंडनच्या रंगमंचांवर नेला होता. त्यांतील अम्मानी या नर्तकीने फ्रेंच लेखक तेओफिल गोतिए यांना भारून टाकले. परंतु युरोपच्या स्मरणात खऱ्या नर्तकीपेक्षा ‘बायादेर’ ही कल्पित पौर्वात्य मोहिनीच अधिक टिकली, आणि १८७७ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये तिच्यावर ‘ला बायादेर’ हा बॅले उभा राहिला. दक्षिण आशियाई नर्तकीकडे पश्चिमेने कोणत्या नजरेने पाहिले, याचा हा आरंभ होय, आणि पुढे ब्रिटनमधील नृत्यरचनाकारांना याच नजरेशी झगडावे लागले.

दरम्यान मायदेशी या नर्तकींच्या पायाखालची जमीन सरकत होती. १८९० च्या दशकापासून मद्रासमध्ये नाचविरोधी चळवळ उभी राहिली, मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांच्या प्रयत्नांनी देवदासी प्रथेविरुद्धचे जनमत संघटित झाले आणि १९४७ साली मद्रास प्रांतात मंदिरांना मुली वाहण्यास बंदी करणारा कायदा संमत झाला. प्रथेतील शोषण खरे होते आणि सुधारकांची तळमळही खरी होती. परंतु त्याच वेळी ई. कृष्ण अय्यर, रुक्मिणीदेवी अरुंडेल आदींनी सदिरला ‘भरतनाट्यम’ या नावाने नवी प्रतिष्ठा मिळवून दिली आणि १९३६ साली स्थापन झालेल्या कलाक्षेत्रासारख्या संस्थांतून ते उच्चवर्णीय, सुशिक्षित घरांतील मुलींच्या शिक्षणाचा भाग झाले. परिणामी, नृत्य सन्मानाने रंगमंचावर आले आणि ते पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणाऱ्या स्त्रिया, बालसरस्वतींसारखे मोजके अपवाद वगळता, पडद्याआड गेल्या. कथकच्या बाबतीतही तवायफांच्या कोठ्यांवर जोपासलेला अभिनय आणि ठुमरीचा अंदाज नव्या संस्थांनी स्वीकारला, पण तवायफ हा शब्द मात्र अभ्यासक्रमाबाहेर ठेवला. लावणीला लोककला म्हणून गौरवणाऱ्या आणि लावणी नाचणारीला दीर्घकाळ दारात उभे न करणाऱ्या महाराष्ट्राला हा दुभंग अपरिचित नाही.

रस्त्यावरच्या नृत्याचा इतिहास काळाने लहान आहे, पण घडणीने तितकाच गुंतागुंतीचा आहे. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातून महामार्ग गेल्यामुळे वस्त्या उद्ध्वस्त झाल्या होत्या, घरमालक इमारती सोडून गेले होते आणि कृष्णवर्णीय व पोर्तो रिकन कुटुंबांतील तरुणांसाठी सार्वजनिक करमणुकीची साधने जवळजवळ उरली नव्हती. अशा वस्तीत ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक अव्हेन्यूवरील एका इमारतीत झालेल्या मेजवानीला हिप हॉप संस्कृतीचा आरंभबिंदू मानले जाते. तिथे तबकड्या वाजवणारा कूल हर्क हा स्वतः जमैकातून आलेला स्थलांतरित होता. नाचणाऱ्यांचा उत्साह गाण्यातील केवळ तालवाद्यांच्या तुकड्यावर, म्हणजे ‘ब्रेक’वर, शिगेला पोहोचतो हे हेरून त्याने दोन तबकड्यांच्या साहाय्याने तो तुकडा लांबवण्याचे तंत्र विकसित केले. त्या तुकड्यावर नाचणारे ते ‘बी-बॉय’ आणि त्यांचे नृत्य ते ‘ब्रेकिंग’. कथकमध्ये तालाच्या आवर्तनात बांधलेल्या छोट्या रचनेला ‘तुकडा’ किंवा ‘तोडा’ म्हणतात; दोन्ही परंपरांनी आपल्या नृत्याचे एकक म्हणून तोडलेल्या तालखंडाची निवड करावी, हा ऐतिहासिक संबंध नव्हे, पण पुढे दोघांची भेट सुकर करणारे साम्य मात्र निश्चित आहे.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर त्याच सुमारास वेगळे प्रकार जन्मले. लॉस एंजेलिसमध्ये डॉन कॅम्पबेल यांनी हालचाल मध्येच क्षणभर थिजवण्यातून ‘लॉकिंग’ घडवले. फ्रेस्नो शहरात बूगालू सॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्नायू आकुंचित करून झटक्यात सैल सोडण्याचे ‘पॉपिंग’ नावारूपाला आणले. हात आणि बोटे काटकोनात मुडपून प्राचीन इजिप्तच्या चित्रांसारख्या आकृती रचणाऱ्या शैलीला ‘टटिंग’ हे नाव पडले. आणि नव्या शतकाच्या आरंभी लॉस एंजेलिसच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीय तरुणांनी छातीच्या उसळ्या आणि जोरकस पदाघात यांनी भरलेले ‘क्रम्प’ घडवले. या सर्व प्रकारांना शाळा किंवा ग्रंथ नव्हते, पण नियम होते. नर्तक वर्तुळ करून उभे राहत, ज्याला ‘सायफर’ म्हणतात. एकेक जण मध्ये जाऊन आपली कला दाखवी. आव्हान-प्रतिआव्हानाला ‘बॅटल’ म्हणत. आणि दुसऱ्याची खास हालचाल चोरणे, म्हणजे ‘बाइटिंग’, हा सर्वांत मोठा अपराध मानला जाई. या नृत्याला ‘रस्त्यावरचे’ म्हणताना त्यात शिस्त नव्हती असे सुचवले जाते, ते म्हणूनच चुकीचे आहे.

ब्रिटनमध्ये या दोन इतिहासांची गाठ पडण्याआधी दक्षिण आशियाई नृत्य तिथे अर्धशतकाहून अधिक काळ पाहुण्यासारखे वावरत होते. १९२३ साली लंडनमध्ये रशियन बॅलेरिना आना पावलोवा यांनी चित्रकलेचे शिक्षण घेणाऱ्या उदय शंकर यांना बरोबर घेऊन ‘हिंदू विवाह’ आणि ‘राधा-कृष्ण’ ही नृत्ये सादर केली. १९३६ साली मुंबईच्या मादाम मेनका यांच्या संचाने युरोपच्या दौऱ्यात बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धेत पारितोषिके मिळवली. १९३९ साली राम गोपाल यांनी लंडनच्या प्रेक्षकांना जिंकले. हे सर्व कलावंत दूरच्या संस्कृतीचे दूत म्हणून पाहिले गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र चित्र पालटले. पंजाब, सिल्हेट, मीरपूर आणि गुजरातमधून कामगार आले, १९७२ साली युगांडातून हाकलले गेलेले सुमारे सत्तावीस हजार आशियाई ब्रिटनमध्ये पोहोचले, आणि नृत्य आता पाहुण्यांचे न राहता शेजाऱ्यांचे झाले.

या शेजाऱ्यांचे स्वागत सुखद नव्हते. १९७६ साली साउथॉलमध्ये गुरदीपसिंग चग्गर या अठरा वर्षांच्या तरुणाचा वंशद्वेषी हल्ल्यात खून झाला आणि त्यातून आशियाई तरुणांची स्वतंत्र चळवळ उभी राहिली. त्याच वर्षी नसीम खान यांनी ब्रिटन ज्या कलांकडे काणाडोळा करतो, त्यांविषयीचा आपला गाजलेला अहवाल प्रसिद्ध केला आणि स्थलांतरितांच्या कलांना सार्वजनिक निधीत वाटा मिळावा ही मागणी प्रथमच पुराव्यांसह मांडली. १९७९ साली तारा राजकुमार यांनी लंडनमध्ये भारतीय नृत्याची अकादमी स्थापन केली. पुढे तिच्या नावातील ‘भारतीय’ या शब्दाची जागा ‘दक्षिण आशियाई’ या शब्दाने घेतली, कारण कथक शिकणाऱ्या मुलांत पाकिस्तानी आणि बांगलादेशी घरांतील मुलेही होती, आणि भरतनाट्यमच्या वर्गांत श्रीलंकेतील यादवीतून आलेल्या तमिळ कुटुंबांच्या मुली मोठ्या संख्येने येत होत्या. देशांच्या सीमा ओलांडणारी ही संज्ञा ब्रिटनच्या मातीत रुजली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

या घरांत नृत्याचा वर्ग ही एक सांस्कृतिक ठेव होती. आईवडिलांच्या दृष्टीने शनिवारचा वर्ग म्हणजे मुलांना भाषा, देवदेवतांच्या कथा आणि वडीलधाऱ्यांना नमस्कार करण्याची रीत यांच्याशी जोडून ठेवणारा धागा होता, आणि म्हणून त्या वर्गात शिकवले जाणारे नृत्य शक्य तितके अचल असावे अशी अपेक्षा असे. मुले मात्र त्याच आठवड्यात दुसऱ्याही जगात वावरत होती. १९८२ साली माल्कम मॅक्लॅरेन यांच्या ‘बफेलो गॅल्स’ या गाण्याच्या चित्रफितीतून ब्रेकिंग ब्रिटनच्या दूरचित्रवाणीवर पोहोचले आणि शहरांच्या बाजारचौकांत पुठ्ठे अंथरून मुले त्याचा सराव करू लागली. ज्या आशियाई मुलामुलींना रात्री बाहेर जाण्याची परवानगी नव्हती, त्यांच्यासाठी १९८० च्या दशकात दुपारी भांगड्याचे कार्यक्रम होऊ लागले, जिथे ढोलाच्या बरोबरीने हिप हॉपचा ठेका वाजे. १९९० च्या दशकात तलविन सिंग यांनी लंडनच्या हॉक्सटन भागात सुरू केलेल्या ‘अनोखा’ या क्लबरात्रींत तबला आणि इलेक्ट्रॉनिक संगीत एकत्र आले. कानाला हे मिश्रण सवयीचे झाले होते. रंगमंचावरील शरीरापर्यंत ते पोहोचणे बाकी होते.

त्या दिशेने निर्णायक पाऊल शोभना जयसिंग यांनी टाकले. चेन्नईत जन्मलेल्या, श्रीलंका आणि मलेशियात वाढलेल्या आणि इंग्रजी साहित्याच्या अभ्यासासाठी ब्रिटनमध्ये आलेल्या जयसिंग यांनी भरतनाट्यमच्या एकल सादरीकरणानंतर १९८८ साली स्वतःचा संच स्थापन केला. त्यांच्या ‘कॉन्फिगरेशन्स’ या आरंभीच्या रचनेसाठी मायकेल नायमन यांनी तंतुवाद्यांचे चतुष्क लिहिले. त्याची तालरचना जयसिंग यांनी कर्नाटक पद्धतीनुसार आधी ठरवून दिली होती, म्हणजे पाश्चात्त्य संगीतावर भारतीय पावले न बसवता, भारतीय लयीच्या सांगाड्यावर पाश्चात्त्य संगीतच रचले गेले. १९९२ सालच्या ‘मेकिंग ऑफ मॅप्स’मध्ये त्यांनी असे सुचवले, की स्थलांतरिताला वारशाने मिळालेला नकाशा पुरत नाही आणि तो त्याला चालता चालता काढावा लागतो. २०१५ सालच्या ‘बायादेर, द नाइन्थ लाइफ’ या रचनेत तर त्यांनी १८३८ च्या त्या देवदासींकडे आणि त्यांच्यावर रोखलेल्या युरोपीय नजरेकडे थेट वळून पाहिले.

रस्त्याचा स्पर्श त्यांच्या कामात सर्वाधिक ठळकपणे २००७ सालच्या ‘फॉल्टलाइन’मध्ये जाणवतो. गौतम मलकानी यांच्या ‘लंडनस्तानी’ या कादंबरीतून, जिच्यात लंडनच्या उपनगरातील आशियाई तरुणांची भाषा आणि ऐट चितारली आहे, या रचनेला प्रेरणा मिळाली. ७ जुलै २००५ च्या लंडनमधील बॉम्बस्फोटांनंतर पाठीवर पिशवी घेऊन चालणाऱ्या प्रत्येक सावळ्या तरुणाकडे संशयाने पाहिले जात असतानाचा तो काळ होता. रचनेतील पुरुष नर्तकांची चाल, खांदे उडवणे, टक लावून पाहणे, एकमेकांच्या अंगावर जाणे ही सगळी रस्त्यावरच्या तरुणाची सामग्री आहे, आणि ती भरतनाट्यमच्या रेखीव, झटकन थांबणाऱ्या हस्तांशी व पदन्यासाशी अशी गुंफली आहे, की ऐट कुठे संपते आणि भय कुठे सुरू होते हे प्रेक्षकाला सांगता येत नाही. मुंबईत जन्मलेल्या सोप्रानो गायिका पॅट्रिशिया रोझारियो यांचा स्वर या ताणाला शोकाची किनार देतो. ओळख ही स्वतःची घोषणा असते तशीच ती दुसऱ्याच्या नजरेपासूनचे चिलखतही असते, हे या रचनेने शब्दांविना मांडले.

कथकच्या क्षेत्रात हा मार्ग निराळ्या रीतीने रुंदावला. लंडनमध्ये १९७४ साली बांगलादेशी कुटुंबात जन्मलेल्या अक्रम खान यांनी बिरजू महाराजांचे शिष्य प्रताप पवार यांच्याकडे लहानपणापासून कथकची तालीम घेतली, कुमारवयात पीटर ब्रुक यांच्या ‘महाभारत’ या नाट्यप्रयोगाबरोबर जगभर प्रवास केला आणि नंतर आधुनिक नृत्याचे शिक्षण घेतले. बालपणी मायकेल जॅक्सनच्या नृत्याची मोहिनी आपल्यावर होती, हे त्यांनी अनेकदा सांगितले आहे. २००५ सालच्या ‘झिरो डिग्रीज’मध्ये ते आणि मोरोक्कन वंशाचे बेल्जियन नर्तक सिदी लार्बी शर्कावी एकाच वेळी, एकाच लकबीने, सीमेवर पासपोर्ट हिसकावला गेल्याचा प्रसंग कथन करतात. मुळात कथक म्हणजे कथा सांगणाऱ्याची कला. इथे देवकथेच्या जागी ओळखपत्र गमावण्याची कथा आली. अक्रम खान यांचे मिश्रण मुख्यतः आधुनिक नृत्याशी आहे, रस्त्यावरच्या नृत्याशी कमी. परंतु दोन तालमींनी एकाच शरीरात निर्माण केलेला गोंधळ लपवण्याऐवजी तोच नव्या भाषेचे बीज मानण्याची त्यांची भूमिका पुढच्या पिढीला मोकळीक देणारी ठरली.

बर्मिंगहॅममधील सोनिया साबरी यांनी हिप हॉपशी सरळ संवाद साधला. त्यांच्या गुरू नाहीद सिद्दीकी या पाकिस्तानातील नामवंत कथक नर्तकी. झिया-उल-हक यांच्या राजवटीत नृत्यावर बंधने आल्यानंतर त्यांनी ब्रिटनमध्ये काम सुरू केले होते, आणि त्यामुळे साबरी यांच्या कथकमागे एका निर्वासित परंपरेची सावली आहे. त्यांच्या ‘कथकबॉक्स’ या प्रयोगात कथक, हिप हॉप नृत्य, तोंडाने तालवाद्यांचे आवाज काढण्याचे ‘बीटबॉक्सिंग’ आणि काव्यकथन एकत्र येतात. शीर्षकातील ‘बॉक्स’ बीटबॉक्सकडे निर्देश करतो, तसाच तो सरकारी अर्जावरच्या त्या चौकटीकडेही निर्देश करतो, जिच्यावर खूण करून माणसाने आपला वंश सांगायचा असतो. ब्रिटनच्या जनगणनेत वांशिक गटाचा प्रश्न १९९१ साली प्रथम विचारला गेला आणि भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी अशा वेगवेगळ्या चौकटी छापल्या गेल्या. एकाच गुरूकडे एकच पदन्यास घोटणाऱ्या मुली त्या कागदावर मात्र तीन ठिकाणी विभागल्या जात होत्या.

या मिश्रणाचे प्रत्यक्ष तंत्र समजून घेतल्याशिवाय त्याचे मोल कळत नाही. कथकमध्ये पायांनी तालाचे बोल काढण्याला तत्कार म्हणतात आणि बोल आधी मुखाने म्हणून दाखवण्याला पढंत. बीटबॉक्सर आणि पढंत करणारा नर्तक समोरासमोर बसले, की दोघेही तोंडाने ताल बोलत असल्यामुळे मैफलीतील सवाल-जवाब आणि सायफरमधील बॅटल यांच्यातील अंतर फारच कमी उरते. तोच बोल तीनदा म्हणून समेवर येणारी तिहाई आणि ठेका अडवून धरून एका क्षणी सोडून देण्याची तबकडी वाजवणाऱ्याची युक्ती, या दोहोंत ताण निर्माण करून तो विसर्जित करण्याचे एकच मानसशास्त्र आहे. भरतनाट्यमच्या हस्तांची भूमिती आणि टटिंगचे काटकोन एकमेकांना पटकन ओळखतात.

अडचण येते ती वजनाच्या बाबतीत. भरतनाट्यमच्या अरैमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धे बसलेल्या स्थितीत, धड ताठ आणि स्थिर असते, तर हिप हॉपमध्ये लय छातीतून आणि कमरेतून सतत झिरपत असते. भूमीशी असलेले नाते तर याहून खोलवर भिन्न आहे: भारतीय नर्तकी प्रारंभी भूमीला नमस्कार करून पदाघाताची क्षमा मागते आणि नंतर केवळ पायांनी तिला स्पर्श करते, तर ब्रेकिंग करणारा हात, खांदा, पाठ आणि मस्तकही त्याच भूमीवर टेकवतो. पाय खाली आणि मस्तक वर हा संस्कार ज्या शरीरात मुरला आहे, त्याने डोक्यावर गिरकी घेणे ही केवळ कसरत नसते. सुमार मिश्रणात या भेदाला बगल दिली जाते, चार मात्रा मुद्रा आणि चार मात्रा लॉकिंग अशी ठिगळे जोडली जातात. कसदार रचनांत मात्र हा भेदच विषय होतो, आणि शरीर एका रीतीतून दुसरीत जाताना जो क्षणभर अडखळते, त्या अडखळण्यात दोन संस्कृतींमध्ये जगणाऱ्याचे रोजचे भाषांतर दिसते.

संस्थांनीही हळूहळू या वास्तवाची दखल घेतली. शाही नृत्यशिक्षक संस्थेने विसाव्या शतकाच्या अखेरीस भरतनाट्यम आणि कथकच्या परीक्षा आपल्या छत्राखाली आणल्या. लंडनच्या सॅडलर्स वेल्स नाट्यगृहात २००४ पासून जॉन्झी डी यांच्या पुढाकाराने ‘ब्रेकिन कन्व्हेन्शन’ हा हिप हॉप महोत्सव भरू लागला. आणि २०१५ साली बीबीसीने सुरू केलेल्या तरुण नर्तकांच्या स्पर्धेत बॅले, आधुनिक नृत्य, हिप हॉप आणि दक्षिण आशियाई नृत्य या चार विभागांना समान स्थान मिळाले. ज्या दोन परंपरांना कधी काळी प्रतिष्ठित रंगमंचांवर हक्काची जागा नव्हती, त्या बॅलेच्या शेजारी उभ्या राहिल्या, ही लहान गोष्ट नाही. तरी विभाग म्हणजेही चौकटच, आणि दोन चौकटींवर एकाच वेळी उभे राहणाऱ्या नर्तकाने कुठे नाव नोंदवावे, हा प्रश्न त्या स्पर्धेने नकळत पुन्हा विचारला. ही परंपरा ब्रिटनबाहेरही पसरली आहे; पॅरिसमध्ये वाढलेल्या श्रीलंकन तमिळ वंशाच्या उषा जे यांच्या ‘हायब्रिड भरतम’ या मालिकेतील साडी नेसून रॅप गाण्यावर केलेले नृत्य २०२२ साली फोनच्या पडद्यांवरून जगभर पाहिले गेले.

महाराष्ट्रात या दोन परंपरांच्या भेटीचा प्रश्न स्थलांतराऐवजी आर्थिक वर्गाच्या अंगाने उभा राहतो. धारावीतील बी-बॉय आणि वसई-नालासोपारा भागातील तरुणांचे नृत्यसंच, ज्यांतील ‘द किंग्ज’ने २०१९ साली अमेरिकेतील ‘वर्ल्ड ऑफ डान्स’ ही दूरचित्रवाणी स्पर्धा जिंकली, यांनी हिप हॉप आत्मसात केले ते प्रामुख्याने चित्रफिती पाहून आणि मोकळ्या जागेत सराव करून. शास्त्रीय नृत्याचा वर्ग, त्याची फी आणि अरंगेत्रमचा, म्हणजे पहिल्या जाहीर सादरीकरणाचा, खर्च त्यांच्यातील अनेकांच्या आवाक्याबाहेरचा होता. लंडनमध्ये आशियाई घरातील मूल शास्त्रीय नृत्याकडून रस्त्याकडे निघाले. मुंबईत रस्त्याकडून शास्त्रीय नृत्याकडे जाणारी वाट अजूनही अरुंद आहे.

येथे ऋणाचा प्रश्न अटळ होतो. ब्रिटनमधील आशियाई नर्तक जेव्हा हिप हॉपमधून स्वतःची ओळख शोधतो, तेव्हा तो ब्राँक्स आणि लॉस एंजेलिसच्या कृष्णवर्णीय व पोर्तो रिकन तरुणांच्या हलाखीतून जन्मलेली भाषा वापरत असतो. आणि जेव्हा तो भरतनाट्यम किंवा कथक हा आपला वारसा म्हणून सांगतो, तेव्हा त्या वारशाच्या खऱ्या धनी असलेल्या देवदासी आणि तवायफ यांचा त्याच्या कुटुंबाशी बहुधा काहीही संबंध नसतो. वंशाने मिळालेले आणि बाहेरून घेतलेले, अशी जी विभागणी ओळखीच्या चर्चेत गृहीत धरली जाते, ती इथे कोसळते, कारण दोन्ही गोष्टी घेतलेल्याच आहेत. याचा अर्थ घेणे गैर आहे असा होत नाही. तंजावरच्या दरबारापासून कूल हर्कच्या तबकड्यांपर्यंत कोणतीही नृत्यभाषा घेतल्यावाचून घडलेली नाही. प्रश्न घेतल्याची नोंद कोण ठेवतो आणि कोण पुसतो, हा आहे. आणि विसाव्या शतकातील शुद्धीकरणाचा दोष त्याने नृत्य बदलले हा नसून, कोणाकडून घेतले ते नाव त्याने पुसले हा आहे.

या नोंदीची रीत मात्र बाहेरून शिकावी लागत नाही, कारण ती दोन्ही परंपरांत मुळातच आहे. घराण्यातला कलावंत गुरूचे किंवा उस्तादाचे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतो आणि एखादी बंदिश सादर करण्याआधी ती कोणाची हे सांगतो. सायफरमधला नर्तक दुसऱ्याची हालचाल नाव न घेता वापरणाऱ्याला चोर ठरवतो आणि ज्याच्याकडून शिकला त्याचे नाव अभिमानाने सांगतो. ब्रिटनमधील या प्रयोगांतून ओळखीच्या प्रश्नाला जे उत्तर मिळाले, ते या दोन रीतींच्या भेटीतून मिळाले. आपण कुठले, हे सांगण्यासाठी या नर्तकांना एका देशाचे किंवा एका चौकटीचे नाव पुरले नाही. आपण कोणाकोणाचे देणे लागतो, हे त्यांना शरीराने सांगावे लागले. ज्या रचनांनी ते प्रामाणिकपणे सांगितले, त्यांत तोडा आणि ब्रेक एकाच समेवर आले, आणि त्या समेवर अम्मानीपासून ब्राँक्सच्या निनावी मुलांपर्यंत सर्वांच्या पावलांना जागा होती.